परसातल्या कोंबडीचा हिशेब

कोंबडीपालनावरची बहुतेक मराठी पुस्तकं शेडपासून सुरू होतात. शेडची दिशा कोणती, रुंदी किती, पक्ष्यामागे जागा किती, मग खाद्याचं वेळापत्रक, बँकेचं कर्ज आणि शेवटी नफ्याचा तक्ता. ज्याला तो धंदा करायचा आहे त्याच्यासाठी ही माहिती मोलाचीच आहे. पण गावोगावच्या अंगणांत, वस्त्यांवर आणि पाड्यांवर दिवसभर उकरत फिरणाऱ्या कोंबड्यांना त्यातलं फारसं काही लागू पडत नाही. त्यांना शेड नसते, त्यांच्यासाठी खाद्याची पोती येत नाहीत आणि त्यांच्या नावावर कर्जही नसतं. तरीही त्या थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले कुक्कुट पक्षी ८५.१८ कोटी भरले आणि त्यांतले ३१.७० कोटी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती; व्यावसायिक पक्ष्यांची वाढ मात्र साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली. पोल्ट्री आली आणि गावठी कोंबडी संपली, असं जे सर्रास बोललं जातं त्याला या आकड्यांचा आधार नाही. हे पुस्तक त्या गावठी कोंबडीबद्दल आहे, आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परसातलं कोंबडीपालन म्हणजे लहान आकाराची पोल्ट्री नव्हे. त्याचं अर्थशास्त्र निराळं, अडचणी निराळ्या, म्हणून इलाजही निराळे हवेत. या कोंबडीकडून जास्त अंडी काढण्याच्या मागे लागण्याआधी तिची पिल्लं जगवली पाहिजेत.

पहिला आक्षेप आकडे पुढे करूनच घेतला जातो. संख्येने ३७ टक्के असलेल्या परसातल्या पक्ष्यांचा अंड्यांच्या उत्पादनातला वाटा किती? केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १३,८३८ कोटी अंडी निघाली आणि त्यांत परसातल्या कोंबड्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आतच होता. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, गावठी पन्नास-साठवर थांबते. तेव्हा एवढे पक्षी पाळून मिळवलं काय, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण गावठी कोंबडीचं वर्ष कसं जातं ते पाहिलं की त्यातली गफलत कळते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते. दाणापाण्यापुरती उठते तेवढीच. पिल्लं निघाली की पुढचे दोन-अडीच महिने त्यांना पंखाखाली घेणं, उकरून दाखवणं, घार दिसली की हाक देऊन लपवणं यात जातात. तेव्हा कुठे ती पुन्हा अंड्यावर येते. असा एक फेरा चार महिन्यांच्या आसपासचा, म्हणून वर्षाला तीन, फार तर चार फेरे. पोल्ट्रीत हीच कामं वाटून दिलेली असतात: पैदाशीचे पक्षी एकीकडे, उबवणी यंत्र दुसरीकडे, पिल्लांना ऊब देणारं ब्रूडर तिसरीकडे. लेअर कोंबडीची खुडूक होण्याची सवयच निवड पैदाशीतून घालवलेली असते, कारण बसलेली कोंबडी तिथे निव्वळ तोटा. गावठी कोंबडी ही सगळी कामं एकटी निभावते, आणि आपण तिच्यापुढे फक्त अंड्यांचं माप धरतो. तिची खरी पैदास म्हणजे वाढलेला पक्षी. तोच बाजारात जातो, जत्रेला कापला जातो, पाहुण्याच्या ताटात पडतो. अंडं हे बहुतेक घरांत पुढच्या पक्ष्याचं बियाणं असतं.

दुसरी बाजू खर्चाची. पोल्ट्रीतल्या अंड्याच्या खर्चात सुमारे दोन-तृतीयांश वाटा एकट्या खाद्याचा असतो. अंड्यावरची लेअर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते आणि त्यात मुख्यतः मका व सोयाबीनची पेंड असते. मक्याचा भाव चढला की शेडमालकाचं गणित बिघडतं. परसातली कोंबडी या बाजाराच्या बाहेर जगते. पाखडताना उडालेली कणी, खरकट्या पाण्यातली शितं, शेणात न पचता आलेले दाणे, उकिरड्यातल्या अळ्या, पहिल्या पावसात निघालेली वाळवी, बांधावरचा कोवळा पाला हे तिचं खाद्य. संध्याकाळी मूठभर ज्वारी फेकतात ती पोट भरावं म्हणून कमी आणि सगळ्या वेळेत खुराड्याकडे परताव्यात म्हणून जास्त. माणसाच्या तोंडून निसटलेलं आणि त्याला खाताच न येणारं अन्न ती मांसात आणि अंड्यात बदलते. कोंबडी माणसाजवळ आली तीही बहुधा अशीच. आग्नेय आशियात भात आणि भरड धान्याची शेती सुरू झाल्यावर सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने लाल रानकोंबडी वस्तीकडे वळली असावी, अशी मांडणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. पाळीव कोंबड्यांमध्ये दिसणारी पिवळी कातडी मात्र लाल रानकोंबडीकडून आलेली नाही. ती करड्या रानकोंबडीकडून आली, असं २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. ही करडी रानकोंबडी भारतीय द्वीपकल्पातली, आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आजही आरवणारी.

सांडलेल्यावर जगणाऱ्या पक्ष्याला एक मर्यादा असते आणि याच मर्यादेकडे सरकारी योजनांचं सहसा दुर्लक्ष होतं. कुरणावर जशी ठरावीकच जनावरं पोसतात, तसं एका अंगणावर ठरावीकच कोंबड्या पोसतात. घरात माणसं किती, धान्य कोणतं पिकतं, गोठा आहे की नाही, शेजार किती दाट आहे यावर ती संख्या ठरते. पाच-सात मोठे पक्षी आणि त्यांची पिल्लं हा साधारण अंदाज. त्याच्यावर भर घातली तर अंडी वाढत नाहीत, प्रत्येकीच्या वाट्याचं खाणं कमी होतं आणि आधी पिल्लं मरतात. शिवाय हे कुरणही आक्रसत चाललं आहे. खळी गेली आणि मळणीयंत्र शेतातच उभं राहू लागलं, तेव्हा घराभोवती सांडणारं धान्य आटलं. ज्वारी-बाजरीच्या रानात कपाशी, सोयाबीन आणि ऊस आला. अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसले की उकरायला मातीच उरत नाही. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं बियाणं टिपून कोंबड्या मरतात. ज्या घरची कोंबडी शेजारच्या मेथीच्या वाफ्यात शिरते, त्या घरचं भांडण कधी कधी पंचायतीपर्यंत जातं. ही सगळी परसातल्या कोंबडीची रोजची अडचण आहे, आणि शेडच्या पुस्तकात तिला एक ओळही मिळत नाही.

मात्र सगळ्यात मोठी गळती पिल्लांची आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या गावठी कोंबड्यांवर झालेल्या पाहण्या वेगवेगळ्या देशांतल्या असल्या, तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: निघालेल्या पिल्लांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त दोन महिन्यांच्या आत जातात. काही घारीच्या पंजात, काही मुंगुसाच्या आणि मांजराच्या तोंडी. काही पावसात भिजून गारठतात. काही आईमागे दिवसभर चालून थकतात, कारण पहिल्या आठवड्यांत त्यांना जेवढं प्रथिन लागतं तेवढं उकरून मिळत नाही. उरलेल्यांना रोग गाठतो. आता साधा हिशेब मांडू. एक कोंबडी वर्षात तीनदा बसली आणि दर खेपेला दहा पिल्लं निघाली, तर पिल्लं झाली तीस. त्यांतली एक-तृतीयांश जगली तर घराला दहा पक्षी मिळतात. जगण्याचं प्रमाण दोन-तृतीयांशावर गेलं तर वीस. म्हणजे नवी जात न आणता, शेड न बांधता, आहे त्याच कोंबडीपासून उत्पन्न दुप्पट. वाढीव पक्षी वेळेवर विकले की अंगणावरचा भारही वाढत नाही. यासाठी लागणारं सामान घरोघरी असतं किंवा बुरूडाकडे मिळतं. पहिले चार आठवडे पिल्लं डालग्याखाली ठेवायची. आईला आत जाता येणार नाही पण पिल्लांना शिरता येईल एवढ्या फटीच्या आडोशात तांदळाची कणी आणि भरडा ठेवायचा. पाणी उथळ ताटलीत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खुराड्याच्या भेगा चुना आणि मातीने लिंपायच्या, कारण रात्री रक्त पिणाऱ्या गोचिडी दिवसा त्या भेगांतच दडून बसतात आणि दिवसाउजेडी कोंबडी तपासणाऱ्याला त्या सापडत नाहीत.

रोगांत पहिलं नाव राणीखेतचं, खेड्यात मानमोडी म्हणतात तो. पक्षी तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट-पांढरं हगतो, मान पिळवटते, पंख पडतात, आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. उन्हाळ्यात मर लागली की लोक एक शहाणपणाची वाटणारी चूक करतात: उरलेल्या कोंबड्या मरण्याआधी आठवडी बाजारात नेऊन विकतात. त्याच पिशवीतून रोग पुढच्या दहा गावांत जातो. राणीखेतवर लस आहे, स्वस्त आहे आणि कित्येक दशकांपासून आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी, हे वेळापत्रक प्रत्येक पशुवैद्यकाला पाठ असतं. मग ती अंगणापर्यंत पोचत का नाही? लोक अडाणी आहेत हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. लसीची बाटली शंभर, दोनशे, हजार मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने ती घ्यायची कशी? इथे अडचण एका घराची नाही, संघटनेची आहे. सगळ्या गावाने एका दिवशी, पहाटे पक्षी खुराड्यात असताना लस टोचून घेतली तर मात्रेमागचा खर्च नगण्य होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात विकसित झालेली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू ही लस मोझांबिक आणि टांझानियाच्या खेड्यांत डोळ्यात थेंब टाकून दिली जाते, आणि ते काम गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी, त्यांत अनेक बायकांनी, माफक मोबदला घेऊन केलं आहे. आपल्याकडे 'उमेद'च्या पशुसखी आहेत, बचत गट आहेत. शीतपेटी आणि ठरलेला दिवस एवढं हाती दिलं तर हे काम त्यांच्या आवाक्यातलं आहे.

यावर आक्षेप येतो तो सुधारित जातींचा. हैदराबादच्या संशोधन संस्थेने वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज मुद्दाम परसासाठीच काढली. त्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात आणि वजनालाही भारी असतात, मग गावठीचा आग्रह का? आग्रह गावठीचा नाही. जिथे बाजार जवळ आहे, रोज थोडं खाद्य विकत घालण्याची ऐपत आहे आणि उबवणी केंद्रातून पिल्लं वेळेवर मिळतात, तिथे या जाती चांगलं उत्पन्न देतात, आणि या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यांची अंडी फुकट वाढलेली नाहीत. या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून पुढची पिढी अंगणात निपजत नाही. ती दर वेळी विकत आणावी लागते. वजन वाढलं तशी झाडावर किंवा छपरावर उडून जीव वाचवण्याची शक्ती कमी झाली, आणि कुत्र्याला ते लगेच कळतं. नुसत्या उकरण्यावर त्यांचं भागत नाही. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या योजनांतून कधी एक दिवसाची शंभर पिल्लं, तर कधी पंचवीस तलंगा आणि तीन कोंबडे असा गट दिला जातो. ज्या अंगणाची ताकद सात कोंबड्यांची आहे तिथे शंभर पिल्लं उतरली तर एक तर घर पोल्ट्रीवाल्याचा खर्च करू लागतं, नाही तर महिन्या-दीड महिन्यात पिल्लं संपतात. जातीच्या मोहाचं टोक कडकनाथने दाखवलं. झाबुआची ही काळी कोंबडी काटक आहे, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या नावाने झालेली गुंतवणूकदारांची फसवणूक उघडकीस आली, तेव्हा दोष कोंबडीचा नव्हता. पक्षी बदलला की पैसा आपोआप येईल, या समजुतीवर तो सगळा डोलारा उभा होता.

सगळ्यात गंभीर आक्षेप बर्ड फ्लूचा आहे आणि तो टाळून हे पुस्तक लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर. त्यानंतर तो जळगावच्या खेड्यांतल्या घरगुती कोंबड्यांतही दिसला, आणि २००८ च्या पश्चिम बंगालमधल्या मोठ्या साथीत मेलेले आणि मारलेले पक्षी मुख्यतः परसातलेच होते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं. मोकळे फिरणारे पक्षी रानपाखरांच्या संपर्कात येतात, त्यांना कुंपण नसतं, त्यांची नोंद नसते, म्हणून परसातलं पालनच बंद करावं, असा सूर तेव्हा निघतो. धोका खरा आहे. पण बंदीने तो जात नाही, लपतो. भरपाई अपुरी किंवा उशिरा मिळणार असं वाटलं की कोंबड्या पथक येण्याआधीच नातेवाइकांच्या गावी पोचतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बर्ड फ्लूची आणि राणीखेतची लक्षणं अंगणात उभं राहून वेगळी ओळखता येत नाहीत. ज्या गावात दर उन्हाळ्यात कोंबड्या पटापट मरतात, तिथे या वर्षीची मर वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात येणार? राणीखेतचं लसीकरण नीट झालेल्या गावात मात्र एकाएकी वीस कोंबड्या मेल्या तर त्याची बातमी होते आणि दवाखान्यात कळवली जाते. पिल्लं जगवण्याचं काम हेच साथ लवकर पकडण्याचंही काम आहे.

शेवटचा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो गावठी कोंबडीच्या चाहत्यांना उद्देशून आहे: पाच-सहा कोंबड्यांनी कुणाची गरिबी हटली आहे का, आणि गावरान अंड्याचं जे कौतुक चालतं ते खरं आहे का? दोन्ही बाबतींत हात आखडून बोललेलं बरं. गावरान अंडं बहुधा लहान असतं, प्रथिनाच्या बाबतीत त्याचा आणि पोल्ट्रीच्या अंड्याचा फरक फार नसतो, आणि बलकाचा गडद रंग येतो तो हिरव्या पाल्यातून. शहरात त्याला जास्त भाव मिळतो ही विकणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. आरोग्याचा चमत्कार म्हणून ते खपवण्याचं कारण नाही. देशाला रोज लागणारी अंडी पोल्ट्रीच पुरवणार, आणि आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना द्यायची अंडीही अंगणातल्या कोंबड्या नेमाने पुरवू शकणार नाहीत. परसातल्या कोंबडीचं काम वेगळं आहे. ती घरातली सगळ्यात लहान रकमेची, हवी तेव्हा मोडता येणारी पुंजी आहे. वह्यांसाठी, एसटीच्या तिकिटासाठी, दवाखान्याच्या केसपेपरसाठी शेळी विकता येत नाही; कोंबडी विकता येते, आणि ती विकायला बहुतेक घरांत बाईला कुणाची परवानगी लागत नाही. कळप मोठा झाला, शेड आली, खाद्याची उधारी सुरू झाली, की व्यवहार आणि पैसा पुरुषाकडे जातो आणि साफसफाई तेवढी बाईकडे उरते, हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. म्हणून लहान राहणं ही इथे उणीव नाही. पोषणाचा धागाही पिल्लांपाशीच येतो. दहापैकी तीन पिल्लं जगणार असं माहीत असलेली बाई मिळेल ते प्रत्येक अंडं उबवायला ठेवते; सात जगणार याची खात्री झाली तर त्यातली काही अंडी पोरांच्या ताटात जातील.

पुस्तकाची रचना या विचाराला धरून केली आहे. सुरुवातीची प्रकरणं अंगण समजून घेण्यासाठी आहेत: खाणं कुठून मिळतं, कोणत्या ऋतूत आटतं, किती पक्षी पोसतात. त्यानंतर अंड्याची निवड, खुडूक कोंबडी बसवणं आणि पिल्लांचे पहिले आठ आठवडे यांना सगळ्यात जास्त पानं दिली आहेत, कारण नुकसान तिथेच होतं. मग रोग, लसीकरणाचा गावपातळीवरचा आराखडा, शिकारी प्राणी, शेजाऱ्यांशी होणारे तंटे, विक्री आणि सुधारित जाती. शेडमधल्या ब्रॉयलर आणि लेअरबद्दल इथे काही नाही. त्यासाठी चांगली पुस्तकं आहेत. वाचक म्हणून डोळ्यांसमोर तिघं आहेत: कोंबड्या पाळणारी बाई, तिच्या गावात फिरणारी पशुसखी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात योजनांचे कागद भरणारा अधिकारी. पहिलीला यातलं बरंच ठाऊक असणार, तिने चुका दाखवाव्यात. अधिकाऱ्याकडे एकच मागणं आहे. योजनेच्या अहवालात पिल्लं किती वाटली याचा रकाना असतोच; त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा, वर्षभराने त्या घरी किती पक्षी जिवंत होते याचा. तो प्रामाणिकपणे भरला गेला तर पुढच्या वर्षीचा पैसा पिल्लांच्या खरेदीवर घालायचा की लसीवर, याचं उत्तर त्याच कागदावर मिळेल.